आपल्या मराठवाड्यात वजनं का वाढायलीत? खाणाऱ्याकडं बोट नको, भोवतालाकडं बघून बोलू

बालाघाटचा मास्तर

नमस्कार मंडळी,

लातूर जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवतो. दरवर्षी मुलांची उंची-वजनं घेऊन आम्ही रजिस्टरला नोंदवतो. नोकरीला लागलो तेव्हा त्या रजिस्टरात एकच काळजी असायची, वजन कमी भरण्याची. ती अजून संपलेली नाही. आई-बाप ऊसतोडीला गेले की जी लेकरं आजीजवळ राहतात, त्यांचे दंड बघवत नाहीत. पण आता त्याच वर्गात, त्याच बाकावर अशीही लेकरं बसायलीत की मैदानाच्या दोन फेऱ्यांत त्यांना धाप लागते. एक-दोघांच्या मानेवर काळपट, जाडसर वळ्या दिसतात. आणि ही पैसेवाल्यांची लेकरं नाहीत. कुणाचा बाप ऑटो चालवतो, कुणाची दोन एकर कोरडवाहू.

गावात याचं उत्तर ठरलेलं आहे. "तोंडाला आवर नाही." मला ते पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. २०१५-१६ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २०.६ टक्के आणि पुरुषांपैकी १८.९ टक्के जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. २०१९-२१ च्या फेरीत तेच आकडे २४ आणि २२.९ वर गेले. एवढ्याशा काळात सगळ्या देशाचा जिभेवरचा ताबा एकदम सुटला, असं कसं म्हणायचं? माणसं तीच आहेत. त्यांच्या भोवतीचं रान, दुकान, रस्ता, घर आणि झोप बदलली.

आमच्या शाळेच्या फाटकासमोरचं दुकान सांगतो. पत्र्याच्या शेडला वरपासून खालपर्यंत पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात, लाल, पिवळ्या, जांभळ्या. पहिली-दुसरीच्या लेकराचा हात पोचावा इतक्या खाली. सगळा पुडा पाच रुपयांचा. आत मक्याच्या नाहीतर बटाट्याच्या पिठाच्या तळलेल्या नळ्या, मीठ, मसाला. दुकानात दारालाच थंड पेयांचा फ्रीज. पाण्याची बाटली वीस रुपयांना आणि रंगीत गोड पाण्याची छोटी बाटली दहाला! याच दुकानात पूर्वी बरणीत फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, गोळ्या-बिस्किटं असायची. बोरं आणि चिंचा घेऊन एक आजी फाटकाशी बसायची. आई-बाप सकाळी आठलाच रानात जातात, जाताना लेकराच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवतात. त्या पैशात लेकरू जे समोर दिसतंय तेच घेणार. त्यात त्याचा काय दोष?

दुसरं, चालणं. वाडीवरची पोरं पायी शाळेत यायची, रस्त्यात खेळत, चिंचा पाडत. आता इंग्रजी शाळेची पिवळी गाडी थेट दारात येते आणि दारात सोडते. मोठ्यांचंही तेच. बांधापर्यंत मोटारसायकल जाते, मग पायी कोण जाईल. खुरपण्याच्या जागी तणनाशकाचा पंप आला, मळणीला यंत्र आलं. हे कष्ट वाचले ते चांगलंच झालं, माझ्या आईच्या पाठीला विचारा. पण कष्ट गेले आणि ताट तेवढंच राहिलं, किंबहुना जास्त तेलकट आणि गोड झालं.

तुमच्या गावात, शहरात काय काय बदललं ते लिहा. कुठला आहार भारी यावर भांडण नको, त्याचे धागे पुष्कळ आहेत.

गोदाकाठ

सर, बायकांचं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. नांदेडला असते.

लग्न होऊन आले तेव्हा विहिरीचं पाणी, धुणं, दळण, सगळं हातानं होतं. आता मिक्सर, वॉशिंग मशीन, गॅस. ते सगळं हवंच, मागं जायचं नाही मला. पण त्या कामाच्या जागी आमच्या अंगाला दुसरी हालचाल कुठली मिळाली? कॉलनीत फूटपाथ नाही, दिवे अर्धे बंद, कुत्री. संध्याकाळी एकटी बाई फिरायला निघाली की शेजारी विचारतात, "कुठं निघालात वहिनी?" सासूबाई म्हणतात, घरात काय काम कमी आहे का. पुरुष पहाटे ग्राऊंडवर जाऊन येतात, त्या वेळेला आम्ही डबे करत असतो.

आणि खाणं म्हणाल तर बाईचं जेवण सगळ्यात शेवटी, दुपारी तीनला नाहीतर रात्री साडेदहाला. पातेल्यात उरलेलं टाकवत नाही, म्हणून तेही पोटात. उपवास आठवड्यातून दोन, त्या दिवशी साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचा कूट, तळलेल्या पापड्या. उपवासालाच जास्त खाणं होतं. वजन वाढलं की नवरा, नणंद, डॉक्टर, सगळे एकच वाक्य म्हणतात, "जरा कमी खात जा." कुणी असं म्हणत नाही की सकाळचा अर्धा तास तुझा, डबे मी बघतो.

मालदांडी

गोदाकाठ ताई, खरं लिहिलंत.

मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. मास्तरांनी रान म्हटलंय, तर रानाचं मी सांगतो. मराठवाड्याचं ताट आधी रानात बदललं, मग घरात.

आमच्या लहानपणी खरिपात मूग, उडीद, तूर, पिवळी ज्वारी, थोडा कापूस, बांधाला भेंडी, गवार, अंबाडी. रब्बीत शाळू, हरभरा, करडई, जवस. घरात वर्षभर खायचं ते रानातून यायचं आणि उरलं तर अडतीवर जायचं. आता खरिपात बघाल तिकडं सोयाबीन. मी पण सोयाबीनच पेरतो, कारण शंभर दिवसांत पीक हातात येतं, यंत्रानं काढता येतं आणि लातूरच्या बाजारात रोख पैसा मिळतो. पण सोयाबीन काही आपण शिजवून खात नाही. पोतं विकायचं आणि त्या पैशानं तेल, साखर, मैदा, पुडे आणायचे, असा हिशोब झालाय.

शाळू का गेला? पाखरं राखायला माणूस नाही, काढणीला मजूर मिळत नाही, जनावरं कमी झाली म्हणून कडब्याची गरज कमी झाली. करडईच्या काट्यात कुणी हात घालत नाही. आमच्या कृषी विद्यापीठानं परभणी मोती, परभणी शक्ती असे चांगले ज्वारीचे वाण काढलेत. परभणी शक्तीत तर लोह आणि जस्त जास्त आहे. पण वाण असून काय, बाजार नाही. २०२३ साल जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं, शहरात ज्वारीची बिस्किटं निघाली. आमच्या गावातल्या रेशन दुकानात मात्र गहू आणि तांदूळच.

रेशनला नावं ठेवणार नाही. ७२ सालचा दुष्काळ माझ्या आईनं खडी फोडून आणि सुकडी खाऊन काढला, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी दळून खाल्ली. रेशनच्या धान्यानं उपाशी झोपणं थांबलं, ते उपकारच आहेत. माझं म्हणणं एवढंच की ज्या मुलखाचं पोट शेकडो वर्षं भाकरीवर होतं, तिथं ज्वारी विकत घ्यायची तर महाग आणि गहू-तांदूळ फुकट, असं उलटं झालंय. गरीब माणूस काय खाईल?

रोखठोक परळी

सगळं सरकारवर आणि दुकानावर ढकलायचं असेल तर कठीण आहे. पुडा कुणी जबरदस्तीनं तोंडात कोंबत नाही.

माझं पोट सुटलं होतं, शुगर बॉर्डरवर आली होती. मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत धरली. दोनदाच जेवायचं, मधे काही नाही, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण संपवायचं. दीक्षित सर लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या भाषणावरून त्यांनी हे हाती घेतलं, आणि मराठवाड्यात गावोगाव लोकांनी करून बघितलंय. वजन उतरलं, शुगर जागेवर आली. मनाचा निश्चय लागतो. जो करतो त्याचं होतं.

वाळूजची पाळी

परळीकर दादा, तुमचं झालं याचा आनंद आहे. पण तुमची जेवायची वेळ तुमच्या हातात आहे का नाही, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

मी वाळूज एमआयडीसीत मशीनवर आहे. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची. रात्रपाळीत एक-दीड वाजता कँटीनमध्ये जेवण, चार वाजता चहा आणि बिस्किटं, कारण त्या वेळेला डोळे मिटायला लागतात आणि हात मशीनमध्ये असतो. सकाळी रूमवर येऊन झोपावं तर पत्र्याची खोली आणि एप्रिल-मे चं बेचाळीस अंश ऊन. चार-पाच तासांवर झोप होत नाही. पुढच्या आठवड्यात परत सगळं उलटं. यात दोन वेळांचं गणित कसं बसवायचं? कंपनीत आलो तेव्हा सडपातळ होतो, आता बेल्टला भोकं पाडायची वेळ आली. आमच्या लाईनवरचे जवळपास सगळेच असे आहेत. एवढ्या सगळ्यांचा निश्चय कच्चा आहे असं मला वाटत नाही.

अंबडचा डॉक्टर

जरा सविस्तर लिहितो, कारण रोज ओपीडीत याच गोष्टी समोर येतात.

मास्तर, आधी त्या मानेवरच्या वळ्या. तो मळ नसतो. बऱ्याच आया लेकराची मान खसाखसा घासून रक्तबंबाळ करतात. मानेवर आणि काखेत अशी काळी मखमली कातडी दिसणं, ही बहुतेक वेळा शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. त्या मुलांच्या पालकांना बोलावून घ्या आणि साखर तपासायला सांगा.

आता आपल्या शरीराची गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघंही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळंतिणींचा आणि बाळांचाही अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडापेरानं आणि स्नायूनं लहान, पण चरबीत तेवढी मागं नाहीत. जन्मतःच बारीक दिसणारी आणि आतून चरबी धरलेली.

हे मराठवाड्याला फार लागू पडतं. मालदांडी भाऊंच्या आईसारख्या कितीतरी माउल्या गरोदरपणात खडी फोडत होत्या. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळं उपासमार झाली, त्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलांना पन्नाशीत तपासलं तेव्हा त्यांचं शरीर साखर नीट हाताळत नव्हतं. टंचाईसाठी घडलेल्या शरीराला पुढं भरपूर आणि गोड मिळालं की ते साठवतं, आणि साठवतं ते पोटात. आपल्याकडं टंचाई एका हिवाळ्याची नव्हती. म्हणून माझ्याकडं चाळिशीतला, हातापायानं काटक, फक्त पोट पुढं आलेला शेतकरी येतो आणि साखर तीनशे निघते. त्याला कुणी जाड म्हणत नाही, तोही स्वतःला जाड समजत नाही. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढं सावध व्हायचं आणि २५ ला लठ्ठपणा धरायचा, ही मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा कमी ठेवली आहे ती यासाठीच. वजनकाटा नसेल तर साधी शिवणकामाची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बाईची ८० च्या पुढं जायला नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासात सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांत, पण पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत दिसला.

परळीकर, निश्चयाबद्दल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ साली एक प्रयोग केला. वीस माणसं महिनाभर रुग्णालयातच ठेवली. दोन आठवडे त्यांना कारखान्यात तयार झालेलं पाकिटातलं अन्न आणि दोन आठवडे साधं, शिजवलेलं अन्न. दोन्हीकडं ताटात वाढलेली साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. पाकिटाच्या अन्नावर तीच माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोनं वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. माणसं तीच, निश्चय तोच, फक्त समोरचं ताट बदललं.

वाळूजच्या भावांसाठी. शिकागोच्या संशोधकांनी २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि खावंसं वाटलं ते गोड, खारट आणि पिठूळ. तुमची चार वाजताची बिस्किटं तिथून आली आहेत.

रोखठोक परळी

डॉक्टर, पटलं. पण मग माणसानं काय हातावर हात ठेवून बसायचं? आणि व्यायामाचं तुम्ही काहीच बोलला नाहीत.

अंबडचा डॉक्टर

बसायचं नाही. तुम्ही केलंत ते योग्यच केलंत, मधल्या वेळचं खाणं बंद होणं हाच त्यातला मोठा फायदा. फक्त ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी स्वतःच्या मनानं एक वेळ सोडू नये, साखर एकदम उतरते. गरोदर बायकांनी आणि वाढत्या मुलांनी तर नकोच.

व्यायामाबद्दल लोकांची एक समजूत आहे की सकाळी तासभर चाललं की दिवसभराचं भरून निघतं. हर्मन पाँटझर यांनी २०१२ साली टांझानियातल्या हाडझा लोकांचा खर्च होणारा उष्मांक मोजला. हे लोक शिकार आणि कंदमुळांवर जगतात, रोज मैलोनमैल चालतात. तरी त्यांच्या शरीराच्या आकारमानाला धरून दिवसाचा एकूण खर्च शहरातल्या अमेरिकन माणसाएवढाच निघाला. शरीर दुसरीकडं काटकसर करतं. म्हणून वजनाचा मोठा वाटा ताटाचा. पण चालण्यानं स्नायू राहतात, साखर आणि रक्तदाब आटोक्यात राहतो, झोप लागते. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललात तरी जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या आकड्यांनुसार भारतात निम्म्याच्या आसपास प्रौढांची हालचाल पुरेशी नाही, आणि बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के. गोदाकाठ ताईंनी लिहिलंय त्याचा हा आकडा.

उदगीरची लेक

मी आता इंजिनिअरिंगला आहे. दहावीनंतर दोन वर्षं लातूरला क्लाससाठी होते, हॉस्टेलवर. सकाळी सहाला पहिला तास, मग कॉलेज, मग परत क्लास, रात्री अभ्यासिका. दिवसभर खुर्ची. मेसमध्ये भात, मैद्याच्या पोळ्या, तेलाच्या तवंगाची बटाट्याची भाजी. रविवारी गोड. रात्री बाराला भूक लागली की खोलीत नूडल्स आणि खारी. झोपायला एक. घरून आई म्हणायची, दोनच वर्षांचा प्रश्न आहे, अभ्यासाकडं लक्ष दे. शाळेत असताना कबड्डी खेळायचे मी, तालुक्याच्या संघात होते. ती खेळायची बंदच झाली, कारण खेळणं म्हणजे वेळ वाया घालवणं.

बारावीला आले तेव्हा जुने कपडे होत नव्हते. लग्नाकार्यात नातेवाईक सगळ्यांसमोर म्हणायचे, "मानवलंय लातूरचं पाणी." पाळी अनियमित झाली, पीसीओडी हा अंडाशयाचा विकार निघाला. डॉक्टरांनी तपासायच्या आधीच म्हटलं, तोंडावर ताबा ठेव. मी त्या दिवशी जेवले नाही आणि नंतरचे कित्येक दिवस चोरून खात राहिले. कुणीतरी एकदा विचारायला हवं होतं की तू किती वाजता झोपतेस, दिवसातून किती वेळ उभी असतेस.

क्लास नावाजलेला होता, शिकवणं चांगलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हजारो मुलं-मुली लातूरला, संभाजीनगरला, नांदेडला याच वयात येऊन बसतात. दिवसातला एक तास मैदानाचा ठेवला तर कुणाची रँक जाणार नाही.

बालाघाटचा मास्तर

बाळ, तू लिहिलंस हे फार बरं झालं. तुझा प्रतिसाद मी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर नाव-गाव न देता टाकतो, चालेल ना?

उदगीरची लेक

चालेल सर. नक्की टाका.

मालदांडी

एक शंका. परत भाकरी सुरू केली तर वजन उतरतं का? बाजारात हल्ली असंच सांगायलेत.

गोदाकाठ

भाऊ, माझी मुलगी आहारतज्ज्ञ आहे, तिला विचारून लिहिते. शंभर ग्रॅम ज्वारी आणि शंभर ग्रॅम गहू यांचे उष्मांक जवळजवळ सारखेच. नुसती भाकरी खाऊन कुणी बारीक होत नाही. फरक आहे तो भाकरीबरोबर काय येतं त्यात. भाकरीला तेल लागत नाही, पोळीला घडीत तेल आणि वरून तेल. भाकरीबरोबर पिठलं, वरण, पालेभाजी, ठेचा, कांदा येतो. मैद्याच्या पावाबरोबर तळलेलं येतं. भाकरी चावावी लागते, पोट लवकर भरल्यासारखं वाटतं.

आणि ती म्हणते, धान्यापेक्षा आधी तेलाचा डबा मोजा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास तेल होतं. साधारण बैठं काम असणाऱ्याला २५ ते ३० ग्रॅमच्या वर नको, आणि त्यातही बाहेरची भजी, वडे, फरसाण धरलेलं नाही. दुसरं साखर. चहात दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम. रानात, दुकानात, पाहुण्यांकडं मिळून पाच कप झाले की पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत. आपल्याकडं पाहुण्याला बिनसाखरेचा चहा दिला तर त्याला अपमान वाटतो. मी आता साखर वेगळ्या वाटीत ठेवते. कुणाला राग आलेला नाही.

धारूरचा किराणा

मास्तर, मी दुकानदार आहे. तुमच्या फाटकासमोरच्या दुकानाबद्दल वाचलं, तर दुकानाच्या आतलं सांगतो.

पुड्यांची गाडी आठवड्यातून एकदा दुकानाच्या दारात येते. माल उधारीवर मिळतो, मुदत संपलेला पुडा बदलून देतात. टांगायला स्टँड फुकट. थंड पेयाचा फ्रीज कंपनीचा, त्यात पुढच्या रांगेत कुठली बाटली ठेवायची तेही तेच ठरवतात. आणि फुटाणे? बीडला किंवा अंबाजोगाईला जाऊन रोख पैशानं आणायचे, पावसाळ्यात मऊ पडतात, कीड लागली तर माझं नुकसान. चिक्की बनवणारी बाई गावात होती, ती आता मुलाकडं पुण्याला गेली. केळी दोन दिवसांत काळी पडतात. माझं घर या दुकानावर चालतं. मला लेकरांचं वाईट करायचं नाही, माझी पण नातवंडं त्याच शाळेत आहेत. पण जो माल दारात येतो आणि नासत नाही तोच मी ठेवणार. कुणी महिला बचत गटानं चिक्की, मुरमुऱ्याचे लाडू, भाजके शेंगदाणे पाच रुपयांच्या पुडीत बांधून दारात आणून दिले आणि उरलेला माल परत घेतला, तर मी फाटकाकडची बाजू त्यांना द्यायला तयार आहे.

जालना हिशेबनीस

धारूरच्या काकांनी मुद्द्याचं लिहिलं. त्यात कराची भर घालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले. थंड पेयांवर ४० टक्के झाला, ते ठीक. पण त्याच वेळी बिस्किटं, चॉकलेट, नमकीन, इन्स्टंट नूडल्स ५ टक्क्यांत आले. चिली देशात २०१६ पासून जास्त साखर, मीठ, चरबी असलेल्या पाकिटावर पुढच्या बाजूला काळा अष्टकोनी शिक्का छापावा लागतो, अशा पाकिटांची मुलांसाठी जाहिरात करता येत नाही. आपल्याकडं पाकिटाच्या मागं इतक्या बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की चष्मा लावून वाचता येत नाही, आणि तेही इंग्रजीत. आमच्या आईनं काय वाचायचं?

कोर्टकचेरी बीड

मी वकील. दोन कायदेशीर गोष्टी माहिती असू द्या.

एक, अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचे २०२० चे शाळांसाठीचे नियम. जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये, हॉस्टेलच्या मेसमध्ये आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. तंबाखूची शंभर यार्डांची रेघ सगळ्यांना पाठ आहे, ही पन्नास मीटरची रेघ फारशी कुणाला माहिती नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या, ग्रामसभेत मांडा. दुकानदारावर लगेच तक्रार करू नका. धारूरच्या काकांसारखी तडजोड आधी करून बघा.

दोन, मोकळी जागा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणं ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचं प्लॉटिंग करताना दहा टक्के जागा खेळायला-फिरायला मोकळी सोडावी लागते. आपल्या तालुक्याच्या गावांत एनए (बिगरशेती) लेआऊट धडाधड पडलेत आणि ओपन स्पेसवर कुठं पत्र्याचं शेड, कुठं बांधकामाचं साहित्य, कुठं काटेरी बाभळी. मंजूर लेआऊटचा नकाशा माहितीच्या अधिकारात मागा, जागा कुठं आहे ते दाखवून नगरपालिकेत अर्ज द्या. गोदाकाठ ताई, कॉलनीतल्या दहा-बारा बायकांच्या सह्यांचा अर्ज असेल तर त्यात दिव्यांची मागणीही टाका. मसुदा लागला तर मी मोफत लिहून देतो, निरोप टाका.

गोदाकाठ

वकील साहेब, निरोप टाकलाय. आमच्या लेआऊटमधली जागा कुठली ते मला माहिती आहे, तिथं एकाच्या म्हशी बांधलेल्या असतात. सह्या गोळा करते.

वाळूजची पाळी

आमच्याकडं कँटीन कमिटीत कामगारांचे दोन प्रतिनिधी असतात. चारच्या चहाला बिस्किटाऐवजी उकडलेलं अंडं नाहीतर भाजके शेंगदाणे मागायचे ठरवलंय. अंडी न खाणाऱ्यांसाठी हरभऱ्याची उसळ.

बालाघाटचा मास्तर

शाळेसमोरच्या दुकानातल्या ताईंशी बोललो. धारूरच्या काकांनी सांगितलं तेच त्यांनीही सांगितलं, जवळजवळ शब्दाला शब्द. बचत गटाच्या अध्यक्षांना शनिवारी शाळेत बोलावलंय. मालदांडी भाऊ, ज्वारीच्या लाह्या आणि हुरड्याचे दिवस येतील तेव्हा तुमच्याकडून माल मिळेल का?

डॉक्टर, एक विचारायचं होतं. मुलांची उंची-वजनं घेतो तशी कंबरही मोजावी का? कसं करावं?

मालदांडी

लाह्यांसाठी ज्वारी देतो की. पाच किलोपासून पाठवतो, भाव घरचा.

अंबडचा डॉक्टर

मोजा, पण वर्गात रांग लावून आणि आकडा मोठ्यानं वाचून नको. उदगीरच्या मुलीनं काय सोसलं ते वर आहेच. शक्यतो बाजूच्या खोलीत एकेकाला बोलवा, मुलींचं माप बाईंनी घ्यावं. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे उंची १३० सेंटीमीटर असेल तर कंबर ६५ च्या आत. निम्म्याच्या वर गेली किंवा मानेवर वळ्या दिसल्या तर चिठ्ठी पालकांना बंद पाकिटात द्या आणि त्यावर फक्त आरोग्य केंद्राचा वार आणि वेळ लिहा. ज्या लेकरांचे दंड बारीक आहेत त्यांचीही चिठ्ठी त्याच पाकिटात, त्याच दिवशी द्या, म्हणजे कुणाचं पाकीट कशाचं ते वर्गाला कळणार नाही.